भूकंपाआधीची तेरा मिनिटं

१९०६ सालच्या सान फ्रान्सिस्को भूकंपाची सर्वांत मोलाची चित्रफीत कोणती, असं जुन्या सिनेमाच्या अभ्यासकांना विचारलं, तर ते बहुधा ज्या रिळाकडे बोट दाखवतात त्यात भूकंपच नाही. पडलेली भिंत नाही, धूर नाही, गाठोडी घेऊन पळणारी माणसं नाहीत. दिवसाउजेडीचा एक रुंद रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरून कॅमेरा तेरा मिनिटं एकाच दिशेने पुढे सरकत राहतो.

रस्ता मार्केट स्ट्रीट. कॅमेरा केबल कारच्या पुढच्या टोकाला बसवलेला. आठव्या स्ट्रीटच्या नाक्यापासून धक्क्यावरच्या फेरी बिल्डिंगपर्यंत, सुमारे अडीच किलोमीटरचा हा प्रवास. सुरुवातीला फेरी बिल्डिंगचा मनोरा दूरवर अंधुक रेघ होऊन उभा असतो. गाडी पुढे जाईल तसा तो मोठा होत जातो. मधल्या वेळात घोडागाड्या, मालाचे खटारे, सायकली, ट्राम आणि नव्यानेच आलेल्या मोटारी एकमेकांना कशाही आडव्या जातात. बाजू पाळून चालवायचं असतं हे कुणाच्या गावीही नाही. बायका थोड्या, पुरुष झाडून सगळे हॅटवाले. पोरं कॅमेऱ्यासमोर मुद्दाम येतात, मागे वळून बघत पळतात. शेवटी गाडी फिरत्या चकतीवर वळवली जाते आणि आलो तो रस्ता क्षणभर उलटा दिसतो.

१८ एप्रिल १९०६ला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सान अँड्रियास भ्रंश जवळपास पावणेपाचशे किलोमीटर लांबीवर सरकला. तीव्रता आज साधारण ७.९ मानतात. जमीन मिनिटभराच्या आत शांत झाली, पण पाण्याचे मुख्य नळ फुटले होते आणि आगी लागल्या होत्या. त्या तीन दिवस पेटत राहिल्या. सुमारे २८,००० इमारती गेल्या. चार लाखांच्या शहरातली निम्म्याहून जास्त माणसं बेघर झाली. चित्रफितीत रस्त्याच्या दुतर्फा जे काही दिसतं, त्यातलं बहुतेक सगळं या तीन दिवसांत जळालं. फेरी बिल्डिंग मात्र उभी राहिली.

ही फीत काढणारे माइल्स बंधू. चौघे भाऊ. सिनेमाची रिळं विकण्याऐवजी भाड्याने देण्याचा धंदा अमेरिकेत रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. स्टुडिओ मार्केट स्ट्रीटवरच होता. तेव्हा अशा ‘चालत्या गाडीतून’ काढलेल्या फितींची चलती होती. काही ठिकाणी तर रेल्वेच्या डब्यासारखं थिएटर बांधून, बाकं हलवून, समोर अशी फीत दाखवत आणि प्रवासाचे पैसे घेत. म्हणजे माइल्स बंधूंनी काढला तो करमणुकीचा माल. पुढच्या आठवड्यात या रस्त्याचं काय होणार, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण ‘पुढच्या आठवड्यात’ हे शब्द मी इतक्या सहज लिहू शकतो ते एका माणसाच्या चिकाटीमुळे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ही फीत होती, पण तिच्यावर तारीख नव्हती. ग्रंथालयाच्या नोंदीत बरीच वर्षं सप्टेंबर १९०५ असा अंदाज होता, म्हणजे भूकंपाच्या सात महिने आधी. अंदाज वाईट नव्हता. पण कॅलिफोर्नियातल्या नाइल्स गावी मूक चित्रपटांचं छोटं संग्रहालय चालवणाऱ्यांपैकी एक, डेव्हिड कीन, यांना रस्त्यावरच्या पाण्याने अडवलं.

फितीत रस्ता ओला आहे. ट्रामच्या रुळांलगत डबकी दिसतात. उत्तर कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. सप्टेंबर कोरडा असतो. कीन यांनी त्या काळची वर्तमानपत्रं उघडून हवामानाचे रकाने पाहिले. सप्टेंबर १९०५मध्ये अशी डबकी साचतील असा पाऊस नव्हता. १९०६च्या मार्च-एप्रिलमध्ये होता.

मग सावल्या. एका अभियंत्याने इमारतींच्या सावल्यांचे कोन मोजले. मार्केट स्ट्रीटची दिशा ठाऊक आहे, मनोऱ्यावर घड्याळ आहे. वेळ आणि सावली हातात असली की सूर्य आकाशात किती उंच होता ते काढता येतं आणि त्यावरून दिवस. इथे एक गंमत आहे. सूर्य वर्षातून दोनदा त्याच उंचीवरून जातो, एकदा वर चढताना आणि एकदा खाली उतरताना. मार्चअखेरीच्या दुपारी सावली जिथे पडते, जवळपास तिथेच ती सप्टेंबरच्या मध्यावरही पडते. म्हणजे नुसती सावली धरून बसलं तर जुना अंदाज आणि नवा अंदाज दोन्ही खरे! सूर्याला ऋतू सांगता येईना, तो डबक्याने सांगितला.

मग मोटारींचे नंबर. कॅलिफोर्नियात मोटारींची सरकारी नोंदणी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि नोंदवह्या शिल्लक आहेत. फितीत वाचता आलेला नंबर १९०६च्या सुरुवातीला दिलेला निघाला. आणि शेवटी धंद्याचे कागद: भूकंपानंतर थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या व्यावसायिक नियतकालिकात माइल्स बंधूंनी दिलेली जाहिरात. या सगळ्यातून कीन यांनी जी तारीख काढली ती भूकंपाच्या अगदी तोंडावरची, बहुधा चारच दिवस आधीची. प्रत १७ एप्रिलच्या रात्री आगगाडीने न्यूयॉर्ककडे निघाली असंही त्यांनी दाखवलं. एक दिवस राहिली असती तर स्टुडिओबरोबर तीही जळाली असती. २०१० साली अमेरिकन दूरचित्रवाणीने ही शोधकथा दाखवली आणि त्याच वर्षी फितीची राष्ट्रीय चित्रपट नोंदीत निवड झाली.

आता मोलाचं बोलू. फितीतली एकही चौकट बदलली नाही. तीच माणसं, तीच घोडी, तोच ओला रस्ता. बदलली फक्त तारीख, आणि एका रम्य सहलीच्या जागी शहराच्या शेवटच्या आठवड्याचा दस्तऐवज आला. आपत्तीच्या जुन्या फितीची किंमत करताना लोक आधी विचारतात की किती भयंकर दिसतं. माझ्या मते पहिला प्रश्न तो नव्हेच. कॅमेरा नेमका कुठे उभा होता, कोणत्या दिवशी, आणि तो कुणाच्या पैशाने फिरत होता, ही तीन उत्तरं मिळाली तर रिकामा रस्ताही बोलतो. नाही मिळाली तर जळतं शहरसुद्धा मुकं राहतं.

नव्या तारखेबरोबर एक भाबडेपणाही आला, तो इथेच बाजूला काढलेला बरा. ही फीत दाखवताना हमखास म्हटलं जातं, ‘बघा, या हसणाऱ्या माणसांना ठाऊक नाही की चार दिवसांनी ती मरणार आहेत.’ हिशेब करा. मृतांचा सरकारी आकडा कित्येक वर्षं काही शेकड्यांवर अडकलेला होता. शहराच्या ग्रंथपाल-इतिहासकार ग्लॅडिस हॅन्सन यांनी आयुष्यभर यादी करून तो तीन हजारांच्या वर असला पाहिजे असं दाखवलं. तो मोठा आकडा धरला तरी चार लाखांत शंभरामागे एकही पडत नाही. पडद्यावर दिसणारी जवळजवळ सगळी माणसं जगली. मात्र त्यांच्यातल्या निम्म्यांहून जास्त लोकांचं घर गेलं. त्यामुळे रडायचंच तर माणसांमागच्या इमारतींकडे बघून रडावं. हे बोलायला कोरडं वाटतं, पण फितीतून जे निघतं ते एवढंच निघतं.

आणि फीत साळसूदही नाही. मोटारी नीट बघितल्या तर लक्षात येतं की त्याच त्या गाड्या पुन्हा येताहेत. एक मोटार कॅमेऱ्यासमोरून जाते, वळसा घेते, मागून येऊन पुन्हा पुढे निघते. शहरात मोटारी भरपूर आहेत असं दाखवायला त्या बोलावलेल्या होत्या, असा निष्कर्ष अभ्यासक काढतात. यामुळे फितीचं मोल कमी होत नाही. १९०६ साली एका शहराला स्वतःची मिरवणूक कशी काढावीशी वाटत होती, ते यातून कळतं. मात्र या फितीवरून कुणी सान फ्रान्सिस्कोतल्या मोटारींची संख्या मोजायला बसला तर तो फसला.

•

आता भूकंपानंतरच्या फिती. त्यांच्यात सरळ सरळ बनावट म्हणाव्यात अशाही आहेत.

न्यूयॉर्कच्या बायोग्राफ कंपनीने शहराची छोटी प्रतिकृती मांडली, तिला आग लावली, धूर सोडला आणि ते रीळ सान फ्रान्सिस्कोच्या आगीचं म्हणून बाजारात आणलं. कंपनीला यात काही विशेष केल्यासारखं वाटलं नसावं. त्याआधी १९०२च्या मे महिन्यात मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखी फुटून सां पिएर शहरातले सुमारे २८ हजार लोक काही मिनिटांत मेले, तेव्हा फ्रान्समध्ये मेलिएसने आणि अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने प्रतिकृती करूनच तो स्फोट पडद्यावर आणला होता. प्रेक्षकांची बातमी वाचून झालेली असे. चित्र ‘बातमीचं’ हवं असे. काहींना ते नाटक आहे हे कळे, काहींना नाही. पडदा मात्र सगळ्यांसाठी एकच होता.

बनावट आहे म्हणून टाकून द्यायचं का? मुळीच नाही. बायोग्राफच्या खोट्या आगीतून सान फ्रान्सिस्कोबद्दल काही कळत नाही, पण १९०६च्या प्रेक्षकाने आग कशी असावी अशी कल्पना केली होती ते नेमकं कळतं. चूक होते ती लेबल बदलल्यावर. पुढे कुणी माहितीपट करणारा तीन सेकंदांचा तुकडा घाईत उचलतो आणि ती पुठ्ठ्याची इमारत खऱ्या मलब्याशेजारी येऊन बसते. एकदा असा शेजार झाला की पुढची प्रत काढणारा त्यांना एकच समजतो.

गंमत अशी की या जुन्या खऱ्या-खोट्या फिती आज बघायला मिळतात, त्यातल्या पुष्कळ कागदामुळे वाचल्या. अमेरिकेच्या स्वामित्व कायद्यात १९१२पर्यंत चित्रपट हा प्रकारच नव्हता. मग कंपन्यांनी वाट काढली: चित्रपटाची प्रत्येक चौकट कागदाच्या लांब पट्टीवर छापायची आणि ‘छायाचित्रं’ म्हणून नोंदवायची. मूळ रिळं सडली, जळली, चांदीसाठी वितळवली गेली. कागदाच्या गुंडाळ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिल्या. तीन हजारांच्या वर. १९५०च्या दशकात केम्प निव्हर या गृहस्थांनी त्या पुन्हा एकेक चौकट करून फिल्मवर उतरवल्या. ८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन शहरावर चक्रीवादळ आलं, निदान सहा हजार माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांनी काढलेल्या फिती या कागदांमुळेच टिकल्या. लाकडांचे ढिगारे, ढिगारे उपसणारी माणसं, समुद्राच्या बाजूला काहीच नाही. प्रत्येक तुकडा एक-दोन मिनिटांचा. त्यांच्यात फारसं काही कलाकुसरीचं नाही, पण ठिकाणांची नावं नोंदलेली आहेत आणि तारीख कायद्याच्या दप्तरात आहे. ज्या कंपनीने दुसऱ्यांनी नक्कल करू नये म्हणून कागद भरले, तिने नकळत इतिहासाची सोय केली.

•

मार्केट स्ट्रीटची दुसरी फीत सान फ्रान्सिस्कोच्या जुन्या बाजारात मिळाली. आपल्याकडे शनिवार-रविवारी फाटक्या पुस्तकांशेजारी रेडिओचे सांगाडे मांडतात, तसलाच बाजार. तिथे नायट्रेट फिल्मचं एक रीळ विकायला होतं. छायाचित्रांच्या एका अभ्यासकाच्या नजरेला ते पडलं, एका संग्राहकाने घेतलं आणि ते कीन यांच्याकडे पोचलं. नऊ मिनिटांच्या आसपासची ही फीत भूकंपानंतर दोनेक आठवड्यांनी काढलेली. पुन्हा मार्केट स्ट्रीट, पुन्हा फेरी बिल्डिंगकडे जाणारा कॅमेरा. मात्र दोन्ही बाजूंना भिंतींचे सांगाडे, मोडलेलं नगरभवन, मलबा, आणि त्यातून चालणारी, घोडागाडी हाकणारी, कामाला लागलेली माणसं. एप्रिल २०१८मध्ये नाइल्सच्या जुन्या एडिसन थिएटरात ती दाखवली तेव्हा एकाच रस्त्याचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ सलग बघता आले.

असं रीळ टेबलावर आलं की आधी काय करतात? प्रोजेक्टरवर चढवत नाहीत, हे पहिलं. आधी वास घेतात. नायट्रेट, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, हा स्फोटक कापसाचा भाऊबंद. तो कुजू लागला की तिखट, नाकाला झोंबणारा वास येतो. चित्र फिकं पडतं, मग फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग काकवीसारखे बुडबुडे येतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. पेटला तर स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवतो. पाण्यात बुडवला तरी विझत नाही. म्हणून असं रीळ घरात ठेवता येत नाही आणि साध्या पार्सलने पाठवताही येत नाही. बाजारभावाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा खर्च आधी धरावा.

मग फितीची लांबी-रुंदी. जुनी फिल्म आकसते. छिद्रांमधलं अंतर मोजून किती आकसली ते काढतात. दीड-दोन टक्क्यांवर गेली की दातेरी चक्रावरून जाताना ती फाटते, मग एकेक चौकट हाताने सरकवत स्कॅन करावी लागते. छिद्रांचा आकार गोल की चौकोनी, यावरून बनावटीचा काळ साधारण कळतो. किनारीवरची कंपनीची अक्षरं पाहतात. कोडॅकने किनारीवर सालाच्या खुणा छापायला सुरुवात केली ती १९१०च्या दशकात. म्हणजे १९०६च्या प्रतीवर तशी खूण असलीच, तर ती मागाहून काढलेली नक्कल. ‘मूळ’ या शब्दाला इथे पायऱ्या आहेत: कॅमेऱ्यात गेलेली निगेटिव्ह, तिच्यावरून काढलेली पहिली प्रिंट, प्रिंटवरून काढलेली दुसरी निगेटिव्ह, तिची प्रिंट. प्रत्येक पायरीवर काळोख जास्त काळा होतो आणि दुकानावरच्या पाट्या वाचेनाशा होतात. तारीख शोधणाऱ्याच्या दृष्टीने पाटी गेली की निम्मा पुरावा गेला.

आणि जोड. फीत कुठे कापून जोडली आहे ते प्रकाशाच्या टेबलावर बोटाला लागतं. त्या काळी थिएटरवाले आपल्या सोयीने रीळ कापत, दुसऱ्या कंपनीचा तुकडा मध्ये घालत. सलग वाटणारी नऊ मिनिटं दोन वेगवेगळ्या दिवसांची असू शकतात. जोडाच्या दोन्ही बाजूंची फिल्म वेगळ्या बनावटीची असेल, तर पडद्यावर जे सलग दिसतं ते सलग घडलेलं नाही, असं धरून चालायचं.

पैशाचं म्हणाल तर आणखी एक अडचण. १९०६च्या अमेरिकन चित्रफितीचं स्वामित्व केव्हाच संपलं आहे. रीळ विकत घेणारा डबा घेतो, चित्रावरचा हक्क घेत नाही. एकदा कुणी ते स्कॅन करून लोकांपुढे ठेवलं की चित्र सगळ्यांचं झालं. म्हणून संग्राहकाच्या हिशेबात दुर्मिळ असलेली वस्तू सिनेमा विकणाऱ्याच्या हिशेबात जवळजवळ फुकट असते. अभिलेखागाराचा हिशेब तिसराच: त्याला ही प्रत हवी असते, कारण हिच्यात दुसऱ्या प्रतीत नसलेल्या चाळीस चौकटी असतील.

•

भूकंपशास्त्रज्ञांना या फितींचा किती उपयोग झाला? फार नाही. १९०८ साली प्रसिद्ध झालेला मोठा चौकशी अहवाल उभा राहिला तो पाहण्या, छायाचित्रं आणि जमिनीच्या मोजण्यांवर. त्या मोजण्यांतूनच हॅरी रीड यांनी खडक ताणला जाऊन एकदम सुटतो, हा सिद्धांत मांडला. त्यासाठी शेतांतली कुंपणं उपयोगी पडली, काही मीटर सरकलेली. सिनेमाचा कॅमेरा तिकडे गेला नाही. तो जिथे ट्राम जात होती आणि गिऱ्हाईक ओळखेल अशी इमारत होती तिथे गेला.

शिवाय मलब्याची फीत एक महत्त्वाचा प्रश्न सोडवू शकत नाही. समोर दिसणारी भिंत कशाने पडली? धक्क्याने, आगीने, की आग अडवायला सैन्याने लावलेल्या सुरुंगाने? तीन दिवसांनंतर तिन्हींचा मलबा सारखाच दिसतो. हा प्रश्न पैशाचा होता. विमा आगीचा होता, भूकंपाचा नव्हता. घरमालकाला आग हवी होती. शहराच्या व्यापाऱ्यांना आणि रेल्वे कंपनीलाही आगच हवी होती, कारण आग कुठल्याही शहरात लागते आणि विझते. जमीनच हलते म्हटल्यावर भांडवल येत नाही. त्यामुळे ‘मोठी आग’ हीच गोष्ट पुढे आली आणि भूकंप मागे सरला. आगीनंतर काढलेली प्रत्येक चित्रफीत, काढणाऱ्याची इच्छा असो-नसो, या गोष्टीच्या बाजूने साक्ष देते.

मोडक्या नगरभवनाचं दृश्य घ्या. वास्तुरचनेच्या अभ्यासकाला त्यात नुसता सांगाडा उरलेला घुमट दिसेल आणि महापालिकेच्या कंत्राटांतल्या भ्रष्टाचाराची आठवण होईल. चिनी-अमेरिकन घरातल्या माणसाला त्यात आपला जन्म दिसतो. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद होती. १९०६च्या आगीत इथे ठेवलेल्या शहराच्या जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा असंख्य चिनी पुरुषांनी ‘आम्ही इथेच जन्मलो’ असं सांगितलं. खोटं ठरवायला कागद नव्हता. नागरिकत्व मिळालं, मग नागरिकाची मुलं म्हणून पुढची पिढी आली, त्यातली काही फक्त कागदावरची मुलं. त्याच दिवसांत शहराचे पुढारी जळालेला चायनाटाउन शहराच्या टोकाला हलवण्याच्या खटपटीत होते. ती चिनी व्यापाऱ्यांनी आणि चीन सरकारच्या प्रतिनिधींनी हाणून पाडली. नगरभवनाच्या त्या काही सेकंदांत यातलं काहीही दिसत नाही. तरी त्या माणसासाठी तेच सेकंद अख्ख्या रिळाहून मोलाचे.

दिसत नाही ते किती मोठं असू शकतं याचं टोकाचं उदाहरण जपानचं. १ सप्टेंबर १९२३च्या कांतो भूकंपात आणि आगीत एक लाखाहून जास्त माणसं मेली. तोपर्यंत टोकियोत कॅमेरामन तयार होते आणि त्यांनी पेटतं शहर टिपलं. पुढे तीच दृश्यं कितीतरी संकलनांत कापून-जोडून फिरली. जपानच्या राष्ट्रीय चित्रपट अभिलेखागाराने अलीकडे या फिती खुल्या केल्या, त्या दृश्यागणिक जागा ओळखून. काम अचाट आहे. पण त्याच दिवसांत अफवा उठवून हजारो कोरियन माणसांना मारलं गेलं. फितींत धूर आहे, पळणारी गर्दी आहे, भातासाठीच्या रांगा आहेत. हत्याकांड शोधायचं तर कागदांकडेच जावं लागतं.

•

आपल्याकडे रिळाची तारीख शोधण्याचं सर्वांत प्रसिद्ध प्रकरण आपत्तीचं नाही, पण रीत तीच. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. आज जी काही रिळं उपलब्ध आहेत ती वर्षानुवर्षं १९१३चीच म्हणून दाखवली गेली. अभ्यासकांनी तपासून ती फाळक्यांनीच १९१७मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत असं मत मांडलं. तेव्हा काहींना ते अपमानास्पद वाटलं. मला तसं वाटत नाही. जे आहे ते १९१७चं म्हणून ओळखलं, तर निदान १९१३चं हरवलं आहे हे तरी कळतं आणि शोधाला जागा राहते. सावे दादांनी १९०१ साली रँग्लर परांजप्यांच्या स्वागताची फीत काढली, तीही पाहायला मिळत नाही. आणि ८ जानेवारी २००३ला पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना आग लागली, त्यात सहाशेहून अधिक चित्रपटांची रिळं गेली. नायट्रेट म्हणजे काय, हे आपण त्या दिवशी पाहिलं.

आता नवी भानगड. मार्केट स्ट्रीटची ती फीत आज बहुतेक लोक पाहतात ती रंग भरलेली, लख्ख, हालचाल गुळगुळीत केलेली. संगणक दोन चौकटींच्या मध्ये नव्या चौकटी घालतो, पुसट चेहऱ्यांना डोळे देतो. बघायला छान वाटतं, यात वाद नाही; माझ्या घरी ती फीत मुलांनी पूर्ण पाहिली, मूळ काळी-पांढरी दोन मिनिटांत बंद केली होती. पण संगणकाला पुसट नंबरप्लेटवर आकडा दिसत नसेल तर तो आकड्यासारखं काहीतरी काढतो. ओल्या रस्त्याची चमक त्याला ओरखडा वाटली तर तो ती पुसतो. कीन यांनी ज्यांच्या जोरावर तारीख काढली, त्याच बारकाव्यांत हे यंत्र हात घालतं. करमणुकीला हरकत नाही. मूळ स्कॅन बाजूला, वेगळ्या नावाने, हात न लावता ठेवलेलं असलं म्हणजे झालं.

हे सगळं वाचताना मराठी माणसाला किल्लारीचा भूकंप आठवल्याशिवाय राहणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. जवळपास दहा हजार माणसं गेली, ती मुख्यतः घरांखाली: दोन-दोन फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडी खणांवर मातीचं जाड माळवद. पडलेल्या गावांची चित्रं वृत्तसंस्थांकडे, दूरदर्शनकडे भरपूर आहेत आणि ती एकमेकांसारखी आहेत. पन्नासेक गावं नंतर दुसऱ्या जागी वसवली, नव्या आखणीने, सिमेंटच्या घरांची. जुनी गावठाणं, तिथल्या गल्ल्या, कोणता वाडा कुणाला टेकून होता, माळवदावर किती माती होती, हे आता सांगण्यावर राहिलं आहे आणि सांगणारे म्हातारे झाले आहेत.

पण १९९०-९३ला लातूर-उस्मानाबादकडे लग्नाचं व्हिडिओ शूटिंग होऊ लागलं होतं. अशी कॅसेट एखाद्या घरात वाचली असेल तर तिच्यात वरात जुन्या वेशीतून आली असेल, कॅमेरावाला माळवदावर चढून खालचा मांडव घेत असेल, मागे भिंतीची जाडी दिसत असेल. पत्रिकेमुळे तारीख पक्की, वऱ्हाडामुळे गल्ली पक्की, पैसे कुणी दिले तेही पक्कं. घरबांधणीच्या अभ्यासकाला मलब्याच्या शंभर फितींपेक्षा ही एक कॅसेट जास्त सांगेल. चुंबकीय फितीचं आयुष्य मात्र नायट्रेटहूनही कमी, आणि ती चालवायचे व्हीसीआर भंगारात निघाले आहेत. भूकंपाचं चित्रीकरण आहे का, असं विचारत गावोगाव फिरणाऱ्यांनी लग्नाची कॅसेट आहे का, हे आधी विचारावं.